'एमुना' आणि माझे दोन पाय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. सध्या पेंटरच्या दुकानात भिंतीलगत आडवी पडून असते, म्हणून सांगायला सवड आहे. उभी असताना मी बोलत नाही; तेव्हा बोलण्यापेक्षा न हलणं महत्त्वाचं असतं.

एका सुताराने मला दोन लांब सागवानी दांड्यांपासून घडवलं. अकरा पायऱ्या त्याने खाचेत ठोकून बसवल्या, प्रत्येकीवर स्वतः उभा राहिला आणि मग म्हणाला, "घेऊन जा. पण एकट्याने चढू नका. शिडी कितीही चांगली असली तरी खालच्या जमिनीची हमी मी देत नाही."

मला घेणारे दोघे भाऊ होते, पाट्या रंगवणारे. थोरला वर चढून अक्षरं काढायचा. धाकटा माझ्या पहिल्या पायरीवर पाय रोवून मला धरायचा. वीस वर्षं आम्ही शाळा, दवाखाने, दुकानं, पिठाच्या गिरण्या अशी सगळ्यांची नावं लिहिली. लोक थांबून म्हणायचे, "काय हात आहे!" तो हात थोरल्याचा. खालच्या हातांकडे कोणी बघत नसे. मलाही कधी कोणी शाबासकी दिली नाही, पण लाकडाला त्याची सवय असते.

थोरल्याची एक खोड होती. ओळ संपत आली की वरूनच विचारायचा, "सरळ दिसतंय का रे?" माझ्या पायाशी उभं राहून ते कळत नाही. धाकटा मान तिरकी करायचा आणि अंदाजाने "हो" म्हणायचा. एकदा मी गुळगुळीत फरशीवर उभी असताना थोरला म्हणाला, "अंदाजपंचे नको सांगू. लांब जाऊन बघ." धाकट्याने मला सोडलं, सात-आठ पावलं मागे गेला, आणि माझे पाय सटकले.

थोरल्याच्या मांडीचं हाड मोडलं. खाटेवर पडल्या पडल्या तो येईल त्याला सांगू लागला, "धाकट्याने शिडी सोडली." भावाच्या डोक्यावर खापर फोडताना स्वतः काय म्हणालो होतो, तेवढं मात्र त्याने गाळलं. धाकटा मूग गिळून गप्प बसला. मग त्याने येणंच थांबवलं. मला खरं ठाऊक होतं, पण शिडीची साक्ष कोण काढणार? दोन वर्षं मी मागच्या अंगणात ऊन-पाऊस खात पडले. माझी एक पायरी तडकली. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. दोघं बोलत नाहीत, याचं वाटलं.

मग एके सकाळी हिब्रू शिकवणाऱ्या एक वृद्ध बाई दुकानात आल्या. त्यांच्या ज्यू प्रार्थनागृहाच्या दारावर त्यांना एकच शब्द हवा होता. पाच अक्षरं त्यांनी कागदावर काढून दिली आणि बजावलं, "उजवीकडून डावीकडे लिहायचं हं."

थोरल्याने माझी पायरी बदलली, मला प्रार्थनागृहाच्या दारापाशी उभं केलं, पायाशी वाळूची पोती रचली आणि बाईंच्या देखत लंगडत चढला. तिसऱ्या पायरीवर त्याने दोन्ही हातांनी माझे दांडे आवळून धरले. तो उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. आज जमलं नाही, तर हा माणूस परत कधी शिडीवर पाय ठेवणार नाही, हे मला कळत होतं. त्यालाही कळत होतं.

"या शब्दाचा अर्थ तरी काय?" त्याने वैतागून विचारलं.

"एमुना. लोक 'विश्वास' म्हणतात," बाई म्हणाल्या. "मला मात्र तो आमच्या धर्मग्रंथातल्या मोशे संदेष्ट्याच्या गोष्टीतून कळला. खाली लढाई चाललेली आणि हा टेकडीवर हात वर करून उभा. हात खाली आले की त्याची माणसं हरायला लागायची. शेवटी हात भरून आले. मग दोघांनी त्याला दगडावर बसवलं आणि एकेकाने एकेक हात धरला. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. त्या स्थिर राहण्याला तिथे हाच शब्द आहे."

"म्हणजे हात त्याचे, जोर दुसऱ्यांचा?"

"हो. कोणीतरी धरून ठेवतं, म्हणून आपण टिकतो. देवाबद्दलही हाच शब्द येतो. तो धरलेलं सोडत नाही." बाईंनी वाळूच्या पोत्यांकडे पाहिलं. "तुमची शिडी कोण धरायचं?"

थोरल्याने कोरडाच ब्रश पुसायला घेतला. "भाऊ धरायचा," तो म्हणाला. "लांब जाऊन बघ, असं मीच त्याला म्हटलं होतं. हे कोणाला सांगितलं नाही मी."

"मग मला सांगून काय उपयोग?" बाई म्हणाल्या.

संध्याकाळी तो धाकट्याच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी प्रार्थनागृहाच्या भिंतीला टेकून होते. दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर आले. धाकट्याने पोती बाजूला सारली, पहिल्या पायरीवर पाय रोवला आणि मला धरलं. ते हात मी लगेच ओळखले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

उजवीकडून लिहिताना हात आधीच्या ओल्या अक्षरावर येतो, त्यामुळे थोरल्याला हात कुठे टेकताच येईना. तरी अक्षरं एकेक करून उतरली. पाचवं संपताना सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "सरळ दिसतंय का रे?"

धाकट्याची पकड आणखी घट्ट झाली. "इथून दिसत नाही, दादा."

वर ब्रश क्षणभर थांबला. "मग राहू दे," थोरला म्हणाला. "तू हलू नकोस."

दुपारी बाई आल्या. शेवटचं अक्षर किंचित खाली उतरलं होतं. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "असंच असू दे."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना पावसात टाकू नका, वर्षातून एकदा तेलाचा हात द्या, एवढीच माझी विनंती आहे. आणि कोणी वर चढलेलं असेल, तर त्याचं काम सरळ आलंय की वाकडं, ते नंतर बघा. आधी शिडी धरा.