फुगायला तयार नसलेली चकती

दीपिकाने पोलादी भांड्याचं झाकण काढलं आणि आतली चकती चिमट्याने उचलली. टेबलावर टाकली तर टक्क वाजली, सदऱ्याच्या गुंडीसारखी.

"पुन्हा तेच!"

परभणीतल्या कॉलेजात कित्येक दिवस हेच चाललं होतं. मक्याच्या साखरेपासून केलेलं, शरीरात हळूहळू विरून जाणारं प्लास्टिक घ्यायचं. ते भांड्यात ठेवून वरून कार्बन डायऑक्साइड जबर दाबाने भरायचा, म्हणजे तो प्लास्टिकच्या अंगात मुरतो. मग दाब सोडला की आतल्या आत बुडबुडे होऊन चकती पावासारखी जाळीदार फुगते. अशी चकती मोडक्या हाडाच्या फटीत बसवली, तर तिच्या भोकांतून नवं हाड वाढतं. पुस्तकात सगळ्यांच्या चकत्या फुगत होत्या. फुगत नव्हती ती फक्त दीपिकाची.

भांडं पुण्याहून उसनं आणलेलं. ते न्यायला टेम्पो आजच येणार होता, आणि तिच्या मार्गदर्शक उत्तरा मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं, "आज फुगली नाही, तर आपण विषय बदलू." दीपिकाने नवी चकती आत ठेवली, वायू भरला आणि डोकं धरून बसली.

तेवढ्यात तिचे वडील आले. मल्हारी बोरी गावात मेंढरं राखत. आज भाकरी घेऊन जीपने आले होते.

"काय शिजवायलीस गं माय?"

"शिजवत न्हाई आबा, मुरवायले." त्यांना कसं सांगावं याचा तिने जरा विचार केला. "असं समजा, वायू म्हंजी मेंढरं. रात्री तुमी त्यांच्याभोवती वाघरीचं जाळं लावता, तसा हा दाब. सकाळी वाघूर काढली की..."

"एका कोपऱ्यातून, हळूच!" मल्हारींनी बोट उगारलं. "म्या शिकवलंय न्हवं तुला? एक एक मेंढरू भाईर, मोजून."

"आन् एकदम उचलली तर?"

"तर काय, चौखूर उधळतेत! जिकडं तोंड तिकडं!"

दीपिकाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हाच हात रोज झडपेची चावी केसभर, केसभर फिरवत होता. वायू बिचारा ओळीने बाहेर पडत होता. बुडबुडे करायला आत उरणार कोण?

"मॅडम! दाब एकदम सोडायचा!"

"म्हणजे? रोज एकदमच सोडतेस ना?" उत्तरा मॅडम शेजारच्या खोलीतून आल्या. दीपिकाने जीभ चावली. "दीपिका?"

"मोजून सोडत होते, मॅडम."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

चकती मुरल्यावर सगळ्यांनी जाड चष्मे चढवले. "मला दिसायलंय की!" म्हणत मल्हारींनीही फेट्याखाली एक अडकवला. वायूची नळी खिडकीबाहेर सोडलेली होती. दीपिकाने डोळे मिटले आणि चावी एकदम फिरवली.

फुस्स्स्स! बाहेर पांढरा लोट उसळला. लिंबावरचे कावळे उडाले. मल्हारी टेबलाखाली. आणि भांडं न्यायला नुकताच टेम्पो लावून आलेला गोपाळ फाटकापर्यंत पळाला.

झाकण निघालं. आत बत्ताशासारखी पांढरी, टम्म फुगलेली चकती! पाण्याच्या ग्लासात टाकली तर तरंगायला लागली. दीपिकाने मॅडमचे दोन्ही हात धरले आणि पांढऱ्या कोटांतल्या त्या दोघी प्रयोगशाळेत गरगरा फुगडी खेळल्या.

"विषय तोच!" मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "अजिबात बदलायचा नाही!"

गोपाळने दारातून मान आत घातली. "काय फुटलं?"

"फुटलं न्हाई, फुगलं!" मल्हारी टेबलाखालून निघाले आणि त्यांनी त्याला मेंढरांपासून सगळं समजावलं.

"मंग आणखी एक बार करा की," गोपाळ म्हणाला. "म्या पळालो, बघितलंच न्हाई."

"मुरायला वेळ लागतो हो," मॅडम म्हणाल्या.

गोपाळ आत आला, गार भांड्यावर हात ठेवला आणि खिशातून फोन काढून पुण्याला लावला. "सायब, भांडं लय तापलेलं हाय. आत्ता न्हाई उचलता यायचं." फोन ठेवून तो दीपिकाकडे वळला. "पर या बारीला चावी म्या फिरवणार."

"मागं सरक," चष्मा नीट करत मल्हारी म्हणाले. "आदी माझा नंबर हाय."