कोपऱ्यावरचा हात

मोटारसायकल ब्रायनीची होती. टाकीवरचा ओरखडा तिचा, डाव्या आरशाला गुंडाळलेली लाल चिकटपट्टी तिची. आणि सीटवर बसलेली टॅमसिन? ती कोण लागून गेली होती?

तसं टॅमसिनने सकाळी चहाच्या गाडीपाशी किल्ली पुढे केली होती. "अगं, बाळ झाल्यापासून पहिल्यांदा येतेयस, तुझी गाडी तूच घे. मी रॉसची जुनी चालवते."

"छे गं, राहू दे. तुला सवय झालीय तिची," ब्रायनी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. टॅमसिनने पुन्हा आग्रह करावा, एवढीच तिची अपेक्षा होती. टॅमसिनने किल्ली खिशात टाकली.

"बरं झालं," ब्रायनीचा नवरा रॉस म्हणाला. "मी हँडल हिच्या उंचीला फिरवून दिलंय. परत फिरवायचं म्हणजे ताप."

हिच्या उंचीला! लग्नाआधी हाच माणूस पाना घेऊन ब्रायनीच्या हाताचं माप घेत बसायचा. बोल्ट आवळता आवळता हात धरून ठेवायचा. आता त्याने दोन पेले आणले. एक न विचारता टॅमसिनच्या हातात दिला, दोन चमचे साखर घातलेला. दुसरा ब्रायनीपुढे धरून विचारलं, "तू साखर घेतेस का गं हल्ली?"

ब्रायनीने पेला घेतला आणि फोन पाहिला. सासूबाईंचा निरोप होता. छोटी नेल बाटलीने दूध प्यायली, झोपली. तिच्याशिवाय सगळ्यांचं सुरळीत चाललं होतं.

गटाच्या रविवारच्या फेरीत शेवटच्या गाडीवर नेहमीप्रमाणे विल्फ होता, पांढऱ्या मिशांचा, सत्तरी ओलांडलेला. "काय पोरी, लंगोट बदलता बदलता नियम विसरली नाहीस ना? कोपरा धरला की हलायचं नाही. शू लागली तरी!"

"तुम्हालाच लागते, विल्फ."

"म्हणून तर मी शेवटी असतो!"

नियम सोपा होता. फाटा आला की सगळ्यांत पुढचा, म्हणजे रॉस, आपल्या लगेच मागच्याला तिथे उभं करतो. त्याने कोपरा धरायचा, येणाऱ्या प्रत्येकाला हाताने वाट दाखवायची, आणि विल्फ दिसला की त्याच्या पुढे निघायचं. त्या हातावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात. धुक्यात, चिखलात, कुंपणांच्या बोळात दुसरं असतं काय?

वेल्सच्या सीमेवरच्या या जुन्या बैलगाडीवाटा ब्रायनीला तळहातासारख्या ठाऊक होत्या. तरी आज रॉसची जुनी, जड गाडी प्रत्येक चाकोरीत तिला ओढत होती. पुढे टॅमसिन पायदाणांवर उभी, गुडघे सैल, जणू ती गाडी तिच्यासाठीच जन्मली होती. फाटकाशी थांबल्यावर टॅमसिन रॉसच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली आणि तो खदखदून हसला. घरी एवढ्यात असा हसला होता का? ब्रायनी आठवत राहिली. जाकिटाखाली दूध दाटून छाती ठणकत होती.

पुढच्या कोपऱ्यावर टॅमसिन थांबली, त्याच्या पुढच्यावर ब्रायनी. डावीकडे वाट मेंढ्या पाळणाऱ्या प्रॉसरबाईंच्या अंगणातून टेकडीवर चढत होती. सरळ उतार त्यांच्याच कुरणात जात होता. ती फक्त पायवाट, तिथे चाकं चालत नाहीत. त्यातून आता मेंढ्या विण्याचे दिवस.

"डावीकडे," रॉस म्हणाला. "जमेल ना?"

"कोपरा धरायला काय जमायचंय?"

तो गेला. पाठोपाठ गटातले दोघे भाऊ आले, तिने डावा हात लांब केला, ते वळले. मग बराच वेळ कुणीच नाही. फक्त कुंपणात पक्षी आणि तिच्या डोक्यात ते हसणं.

लाल चिकटपट्टीचा आरसा वळणावर दिसला. टॅमसिन एकटीच होती. विल्फ मागे फाटक लावत असणार. तिने ब्रायनीकडे पाहिलं, मोकळेपणाने मान हलवली, आणि हाताची वाट पाहू लागली.

डावा हात उचलायचा होता. ब्रायनीने उजवा उचलला आणि सरळ उताराकडे धरला.

टॅमसिनला शंकासुद्धा आली नाही. भुर्रकन उतरली.

विल्फ आला तेव्हा खालून मेंढ्यांचा कालवा ऐकू येत होता आणि कुत्रं पिसाळल्यासारखं भुंकत होतं. विल्फने इंजिन बंद केलं. "खाली कोण गेलं?"

ब्रायनी गाडीवरून उतरली. दोघं गाड्या ठेवून पायीच धावत उतरली.

कुरणाच्या कडेला टॅमसिन हेल्मेट काढून उभी होती. समोर प्रॉसरबाई, हातात काठी, अंगरख्यावर रक्ताचे आणि चिकाचे डाग. गाभण मेंढ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढत होत्या.

"विल्फ! तुझी माणसं कधी माझ्या कुरणात उतरली नाहीत. म्हणून वर अंगणातून जाऊ देते तुम्हाला. एखादीचं पोट पडलं तर?"

विल्फने हेल्मेट काढून हातात घेतलं. "बाई, चूक झाली."

"कुणाची?"

"माझी," टॅमसिन पटकन म्हणाली. "मी हात नीट बघितला नाही."

ब्रायनीने चमकून तिच्याकडे पाहिलं. टॅमसिन तिच्याकडे बघत नव्हती. हात तिने नीट पाहिला होता, हे दोघींनाही माहीत होतं.

"मग ही पोरगी वर्षभर माझ्या अंगणात दिसता कामा नये," प्रॉसरबाईंनी काठी आपटली. "बाकीचे या. ही नाही."

अंगण बंद म्हणजे टेकडी बंद. टेकडी बंद म्हणजे रॉसबरोबरचे रविवार बंद. ब्रायनीला हवं होतं ते सगळं आयतं ओंजळीत पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. पण टॅमसिनचा तो शांत चेहरा तिला सहन होईना. गाडी घेतली, हसणं घेतलं, आता चांगुलपणाही हीच घेऊन जाणार?

"तिने हात बरोबर बघितला," ब्रायनी म्हणाली. "मीच खाली दाखवला."

"चुकून?"

"नाही."

विल्फने मान खाली घातली. प्रॉसरबाई तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग ओल्या झालेल्या जाकिटावर त्यांची नजर गेली. "तान्हं आहे घरी?"

"हो."

"मग घरी जा. वर्षभर तू यायचं नाहीस. ही आली तर चालेल." आणि त्या मेंढ्यांकडे वळल्या.

टॅमसिनची गाडी ढकलत तिघं कोपऱ्यावर परत येईतो रॉस शोधत आला होता. विल्फने दोन वाक्यांत सांगितलं. रॉस तिच्याकडे वळला. "ब्रायनी, कोपऱ्यावर? कोपऱ्यावर असं कुणी करतं?"

"मी केलं."

"पण का?"

"साखर घेते मी, रॉस. नेहमीच घेत होते." ती टॅमसिनकडे वळली आणि हात पुढे केला. "माझी किल्ली दे."

टॅमसिनने किल्ली दिली. देताना हसली नाही, हे बरं केलं.

ती मंडळी टेकडी चढून गेली. रॉस मागे थांबला नाही. एकदा वळून बघितलं, बस्स. ब्रायनी डांबरी रस्त्याने एकटी निघाली. हँडल इतकं पुढे झुकलं होतं की खांदे भरून आले. पहिल्या फाट्यावर तिने गाडी कडेला घेतली, सीटखालचा पाना काढला, चारी बोल्ट सैल केले आणि हँडल स्वतःकडे ओढलं. मग हात लांब करून माप बघितलं, आणि एकेक बोल्ट घट्ट आवळत गेली.