खडेवाल्या काकू

तुम्ही सगळ्यांनी मिळून एक खोटं सांभाळलंत. लोभानं नाही, रागानं नाही, मायेनं सांभाळलंत. म्हणूनच ते इतकं टिकलं. आता माना खाली घालू नका. ऐका.

मी सोनोग्राफीचा प्रोब बोलतोय. पोटावर गार जेल लावून डॉक्टर जे मुठीएवढं यंत्र फिरवतात ना, तोच मी. एका कारखान्यात माझ्या तोंडाशी बारीक स्फटिकांची रांग बसवली, पाठीला जाड वायर जोडली आणि खोक्यात घालून मला या खोलीत पाठवलं. मी सोडलेला आवाज माणसाला ऐकू येत नाही. तो पोटात जाऊन परत येतो आणि पडद्यावर करडं चित्र उमटतं. आत शिरायचं आणि खरं काय ते बाहेर आणायचं, एवढंच माझं काम.

माणसं मोठी गमतीची. पोट उघडं करताना आधी माफी मागतात, फार सुटलंय हो म्हणून. श्वास रोखा म्हटलं आणि सोडा म्हणायचं राहिलं, तर बिचारी लाल होईपर्यंत रोखूनच धरतात. पडद्याकडे कुणी बघत नाही. सगळे डॉक्टरांच्या भुवयांकडे बघतात.

यकृताच्या आजाराची माणसं मात्र निर्धास्त येतात. त्यांना काही दुखतच नाही. यकृत फार सोशिक. निम्मं वाळून गेलं तरी हूं की चूं करत नाही. पण एकदा ते निबर आणि गाठाळ झालं की त्यात कॅन्सर कधी मूळ धरेल याचा नेम नसतो. म्हणून अशांनी दर सहा महिन्यांनी माझ्यासमोर यायचं. गाठ वाटाण्याएवढी असताना दिसली तर जाळता येते, कापता येते. उशीर झाला की मग नुसतं बघायचं.

अशांपैकीच एक या काकू. त्या कपडे शिवायच्या. तपासायला झोपल्या तरी ब्लाउजला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. मुलीच्या जन्माच्या वेळी त्यांना रक्त चढवलं होतं, त्यातून काविळीचा विषाणू आला आणि गुपचूप यकृत कुरतडत राहिला. दारूच्या थेंबाला काकू कधी शिवल्या नाहीत. पण लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. त्यात मुलीचं लग्न जुळत आलेलं. काकांनी डॉक्टरबाईंना हळूच विनवलं, बाहेर कुणी विचारलंच तर पित्ताचे खडे आहेत म्हणा. बाईंनी मान डोलावली. त्यांचा जीव कळवळला, दुसरं काय.

मग खोली झाडणाऱ्या मावशी दारातून हाक मारू लागल्या, "खडेवाल्या काकू, या आत." बाकावरचे लोक हसायचे. किती खडे जमले, असं कुणी विचारलं तर काकू म्हणायच्या, आता घरच बांधायला काढते. मीही हसलो असेन, मला हसता येत असतं तर.

पुढे गोळ्या घेऊन विषाणू गेला. डॉक्टरबाईंनी दोघांना बसवून बजावलं, चोर गेला तरी त्यानं फोडलेलं घर तसंच आहे, तपासणी चुकवायची नाही. काकूंना पटलं, काकांनाही पटलं. मुलीला कुणी सांगितलंच नाही. तिच्या लेखी आईला खडे होते.

पुढचं सगळं मला आज कळलं, कारण आज काकूंना मुलगी घेऊन आली होती. पोट ताणून तट्ट झालेलं, पाय सुजलेले, हात मात्र काटक्या.

मधल्या दोन खेपा का चुकवल्या, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मुलगीच सांगू लागली. बाळ झालं तेव्हा आई तिच्याकडे राहायला होती. तपासणीची वेळ आली आणि नेमका बाळाला ताप. मग तीच म्हणाली होती, खडेच तर आहेत, भरपूर पाणी पी, पडून जातील. पुढच्या खेपेलाही तेच म्हणाली.

तेव्हा काकूंकडे उत्तर होतं. पण ते द्यायचं तर आधीचं सगळं उसवावं लागलं असतं.

मी उजव्या फासळ्यांखाली सरकलो. माझे काही स्फटिक आता मेलेत, चित्रात काळ्या रेघा पडतात. नवा प्रोब येऊन पडलाय आणि उद्या मी कपाटात जाईन. पण हे दिसायला धड डोळाही लागला नसता. गाठ मुठीएवढी होती आणि यकृताच्या मोठ्या शिरेत घुसली होती. डॉक्टरबाईंचा हात थांबला. सीटीस्कॅन करू, त्या म्हणाल्या, पण हे आता कापण्यापलीकडे गेलंय असं दिसतं. लिव्हरमध्ये आहे.

"लिव्हरमध्ये? म्हणजे खडे नव्हतेच?"

"नव्हते गं," काकू म्हणाल्या. "तुझं लग्न व्हायचं होतं."

"लग्न होऊन किती वर्षं झाली, आई."

डॉक्टरबाईंनी मला उचलून जागेवर ठेवलं.

जाता जाता माझं एवढंच मागणं आहे. आजार लाजेचा नसतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवलात तरी घरात लपवू नका. तुम्ही ज्याच्याशी खोटं बोलता, तोच एक दिवस प्रेमानं तुमची वाट अडवतो. त्याचा काय दोष? आणि दुखत नाही म्हणून घरी बसू नका. मला वेळेवर बोलवा. मी उशिरा खरं सांगितलं तर ते कुणाच्या कामाचं?

मुलगी भिंतीला टेकून रडत होती. मावशींनी काकूंच्या पोटावरचं जेल कोमट फडक्यानं पुसलं, पदर सारखा केला, आणि मुलीकडे न बघताच म्हणाल्या, "रडायला जन्म पडलाय, बाई. आधी आईला काहीतरी खायला घाल, रात्रीपासून उपाशी आहे ती."