तिसरं बटण

"फोटो झकास आलाय हं. पण डोळे कुठून बसवून घेतलेस गं?" वॉर्डातल्या मावशींनी टेबलावर चहाचा कप ठेवत विचारलं.

हॅलोताई हसली. दवाखान्याच्या टेलिफोनवर बसायला लागल्यापासून तिला सगळे याच नावाने हाक मारत. मावशींची जीभ तिखट. टोमण्याशिवाय त्यांचा चहा येत नसे. तिने कपाचा कान चाचपला आणि म्हणाली, "सेल लागला होता. एका जोडीवर एक फुकट."

मावशी हसल्या नाहीत. त्यांचं न हसणं तिला लगेच ऐकू आलं.

"चेष्टा नाही करत गं. उघडे आहेत तुझे डोळे फोटोत. चांगले टपोरे. समोर बघतायत."

तेवढ्यात हेडफोनमध्ये कुणीतरी एक्स-रे विभाग मागितला. तिने लाइन जोडून दिली. लगेच पुन्हा घंटी वाजली आणि तोच माणूस वैतागून सांगू लागला, की आपल्याला स्वयंपाकघर लागलंय आणि तिथली बाई किती जणांचा भात असं विचारतेय. एवढ्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

तिच्या पापण्या जन्मापासून मिटलेल्या. त्यांच्यामागे कधी काही उजळलं नाही, आणि त्याचं तिला फारसं काही वाटतही नसे. पण तो फोटो तिने स्वतः नीट केला होता, कुणाच्या मदतीशिवाय.

लेकीच्या शाळेत भिंतीवर 'माझं घर' लावायचं होतं. खिडकीशी तिघांनी बसून फोटो काढला, आणि नवरा म्हणाला, तुझा चेहरा अंधारात आलाय, दे, करतो मी नंतर. त्याचं 'नंतर' तिला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या लिफ्ट वेळेत दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाच्या घरातला नळ महिनोन्‌महिने गळे. म्हणून तिनेच फोन घेतला. बोटाखाली जे येईल ते तिचा फोन वाचून दाखवायचा. फोटो नीट करायच्या त्या ॲपमध्ये मात्र तो एवढंच म्हणायचा, "बटण." पुढे सरकलं की, "बटण." आणखी पुढे, "बटण." ज्यांनी कुणी ती बटणं केली, त्यांनी त्यांच्यावर चित्रं काढली आणि नावं द्यायचं राहूनच गेलं. बहिणीने एकदा तिचं बोट धरून शिकवलं होतं: पहिलं कात्रीचं, दुसरं फिरवायचं, तिसरं उजेडाचं. ते तिला पाढ्यासारखं पाठ होतं. तिने तिसरं दाबलं. "बदल झाला," फोन म्हणाला. तिने तो फोटो शाळेत पाठवला, घरच्या ग्रुपवर टाकला, स्टेटसला ठेवला, आणि मग एकेकाचं 'छान', 'वा', 'सुंदर' फोनकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा ती दाराशीच उभी होती.

"फोटोत माझे डोळे उघडे आहेत?"

त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. ती नेहमीसारखी आदळली नाही, हळूच टेकली. त्यावरूनच तिला कळलं.

"आहेत," तो म्हणाला.

"तुला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मला वाटलं, तुला हवे असतील. तू इतकी खूश होतीस."

ती खुर्ची शोधत मागे सरली. स्वतःच्याच घरात खुर्ची सापडायला तिला वेळ लागला. सासूबाईंनाही दिसलं होतं का, असं तिने विचारलं. त्यांना दिसलं होतं. त्याच म्हणाल्या होत्या, काही बोलू नकोस तिला, असू दे तिची हौस. नणंदेलाही तसंच वाटलं. बहिणीलाही. म्हणजे ती सगळी 'छान' दयेने लिहिलेली होती, आणि ती मात्र ते सगळं गाणं ऐकावं तसं ऐकत बसली होती.

"कसे आहेत?" तिने विचारलं.

"काळे. चांगले आहेत."

"कुणाचे?"

नळ गळत होता. त्याने पिशवीतून पाना काढला आणि तो मोरीत गेला.

लेक मात्र केव्हाची शेजारी येऊन उभी होती. शाळेत पोरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, ती म्हणाली, की आईने फोटोपुरते लावलेत, कानातल्यासारखे. घरी आली की काढून ठेवते.

हॅलोताईला हसू आलं. तिने लेकीला मांडीवर ओढलं, फोन उघडला, आणि बटणांवर काय काय काढलंय ते विचारलं.

"ही कात्री. हा गोल बाण. हा डोळा. मग सूर्य."

ॲप स्वतःहून नवं झालं होतं. उजेडाच्या जागी मिटलेले डोळे उघडून देणारा डोळा येऊन बसला होता, आणि फोन मात्र पूर्वीसारखाच म्हणत होता, "बटण."

मूळ फोटो होताच. तो उघडून तिने चौथं बटण दाबलं आणि विचारलं, आता?

"आता तू दिसतेस," लेक म्हणाली. मग पडताळून पाहावं तसं तिने आईच्या पापण्यांवरून बोट फिरवलं. "हेच आहेत."

उद्या भिंतीवर हा लावायचा, असं ठरलं. बटणावर बोट दाबून धरलं की त्याला आपल्याला हवं ते नाव देता येतं, हे हॅलोताईला माहीत होतं. पाठ असताना गरज काय, म्हणून तिने ते कधी केलं नव्हतं. आता दोघी ओळीने नावं द्यायला बसल्या. कात्री. फिरव. मग डोळ्याचं बटण आलं, आणि लेकीने विचारलं, इथे 'डोळे' लिहू?

तिने फोन आपल्याकडे घेतला आणि दोनच अक्षरं लिहिली. मग त्यावरून हलकेच बोट फिरवून पाहिलं.

"नको," फोन म्हणाला. "बटण."