समासातले शेरे

"स्नेहलताबेन, तमे वाचो ने! मराठीत कसं वाटतं ते ऐकू द्या सगळ्यांना," वर्ग घेणारा विहंग म्हणाला.

स्नेहलताने पुस्तक उघडलं आणि तिचं डोकं पुन्हा तापलं. जाडजूड रशियन कादंबरी, आणि बडोद्याच्या या ग्रंथालयात मराठी अनुवादाची प्रत एकच. रविवारच्या या वाचनवर्गात बाकी सगळे गुजरातीतून वाचणारे, मराठीवाले दोघेच. एक ती, तरसालीची निवृत्त नर्स. दुसरे समोर हाताची घडी घालून बसलेले हिंमतराव, गोरव्याच्या कारखान्यातले जुने फिटर. बत्तीस वर्षांपूर्वी लहानग्या लेकीला, अवंतीला, कडेवर घेऊन ती ज्यांच्या घरातून निघाली होती, तेच हे. तिने वर्गात नाव घातलं आणि आठ दिवसांत हा गृहस्थ इथे हजर! दोघांचं नातं वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवार ते बुधवार पुस्तक त्यांच्याकडे, गुरुवारपासून तिच्याकडे. कादंबरीतली बाई नवऱ्याचं घर सोडते, तिथपासून समासात पेन्सिल सुरू झाली होती. अक्षर तिने लगेच ओळखलं. एकदा पळालेली बाई पुन्हाही पळेल, अशी त्यांची खात्री असणार. पण आता ती या वर्गातून तसूभरही हलणार नव्हती.

तिने एक परिच्छेद वाचला आणि त्याच आवाजात म्हणाली, "इथे बाजूला कुणीतरी लिहिलंय, तेही वाचते. 'निर्लज्ज.'"

वर्ग चपापला.

"'हिला आधीच हाकलायला हवी होती.'" तिने पान उलटलं. "'पोरीचं वाटोळं केलं.'"

"पोरीचं?" मागून कुणीतरी म्हणालं. "पण हिला तर छोकरो छे!"

"लायब्ररीची चोपडी आहे, शरम नथी?" विहंग भडकला. "कोणी लिहिलंय हे?"

हिंमतरावांचे कान लाल झाले. "बाई, छापलंय तेवढं वाचा. नसत्या पंचायती कशाला?"

"का बरं? एवढं कष्टाने लिहिलंय, वाया कशाला घालवायचं?"

त्या माणसाची बोलती बंद झालेली बघायला तिला बत्तीस वर्षं लागली होती. तिला ते मनापासून आवडलं. तिने पुढचं पान उलटलं.

इथे अक्षर बारीक होतं. 'वर्षभर दाराला आतून कडी घातली नाही.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सांगतो हा! तेव्हा साधं पोस्टकार्ड टाकता आलं नाही? छाणीला माहेरीच तर होती ती. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

"पछी?" विहंगने विचारलं. "पुढे काय लिहिलंय?"

हिंमतरावांच्या हातांची घडी सुटली होती. ते खाली फरशीकडे बघत होते.

"काही नाही," ती म्हणाली.

समासावर अंगठा दाबून ती छापलेलं वाचू लागली. पान संपेपर्यंत तिने तो अंगठा उचलला नाही.