खरे आकडे, खोटी स्लिप

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण ऑफिसचा मालक तिचा दीर होता आणि तो तिला वहिनी म्हणे. टायपिंग करणारी मुलगी, किल्ल्या सांभाळणारा म्हातारा, एवढंच काय, नळ गळतोय म्हणून भांडायला आलेले भाडेकरूसुद्धा तिला वहिनीच म्हणत. घरं भाड्याने द्यायचं ते ऑफिस. घरमालक घराची किल्ली आणून देत आणि माणूस कसा आहे ते तुम्हीच बघा, असं सांगून मोकळे होत. ते बघायचं काम वहिनीचं.

तिच्याआधी दीर स्वतः ते काम करायचा, माणसाच्या चपला बघून. चपला स्वच्छ तर माणूस चांगला, असं त्याचं सोपं शास्त्र होतं, आणि त्यात तो दोनदा चांगलाच पोळला होता. त्याच सुमाराला बल्बचा कारखाना बंद पडला. तिथल्या पगार विभागात सव्वीस वर्षं काढलेली वहिनी घरी बसली आणि महिन्याभरात स्वयंपाकघरातले सगळे डबे तिसऱ्यांदा पुसू लागली. तेव्हा तिचा नवरा धाकट्या भावाला म्हणाला, "हिला काहीतरी तपासायला दे बाबा, नाहीतर ही माझे खिसे तपासेल."

भाडेकरूंनी आणलेल्या पगाराच्या खोट्या स्लिपा तिला बसल्या जागी दिसत. कुणी स्वतःचा पगार वाढवून घेई, पण त्याबरोबर कपातही वाढते हे विसरे. कुणी तीन महिन्यांच्या स्लिपा एका बैठकीत बनवी, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज महिने उलटले तरी जागची हलत नसे. एकाने बँकेच्या उताऱ्यात पगार रविवारी जमा करून घेतला होता. अशा माणसाला वहिनी चारचौघांत काही बोलत नसे. "कागद पुरे नाहीत," एवढंच सांगून फाइल परत करी. ज्याला समजायचं त्याला ते समजे आणि तो जिना उतरून जाई.

एकदाच तिचा डोळा फसला होता. एका निवृत्त नर्सबाईंचं दोन मजली घर होतं. वरच्या मजल्यावर त्या राहत, खालचा भाड्याने देत. वहिनीने ज्याचे कागद पास केले, तो माणूस एकच महिना भाडं देऊन पुढे गप्प बसला आणि चौथ्या महिन्यात रातोरात निघून गेला. जाताना भिंतीतले नळसुद्धा उपटून नेले. नर्सबाईंनी हाय खाल्ली. घर विकून त्या बहिणीकडे राहायला गेल्या. वहिनीने ती स्लिप नंतर कितीदा तरी काढून पाहिली. बोट ठेवायला जागा नव्हती.

मग एका सकाळी एक जोडपं आलं. बरोबर नवऱ्याची आई होती. त्या आजींनी भाडं विचारलं नाही, खोल्या किती ते विचारलं नाही. ऊन कुठल्या बाजूने येतं, तेवढं विचारलं. स्लिपेवर नवऱ्याचं काम 'स्टोअर सुपरवायझर' असं होतं. आकडे चोख होते, कपात बरोबर होती, बेरीज महिन्यागणिक नीट पुढे सरकत होती. वहिनीने पास म्हणून सही करायला पेन उचललं. तेवढ्यात तो गृहस्थ टेबलावरचे कागद गोळा करायला पुढे झाला आणि तिला त्याची नखं दिसली. नखांत सिमेंट होतं, धुऊनही न निघणारं.

तिने पेन खाली ठेवलं. "उद्या कळवते," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिने स्लिप पुन्हा समोर घेतली. या वेळी आकडे सोडून तिने रिकाम्या जागा वाचल्या. ज्या चौकटीत लिहायला काही नव्हतं, तिथे एक छोटी आडवी रेघ, मग टिंब, मग पुन्हा रेघ होती. अगोदर तिला ती दिसलीच नव्हती, कारण सव्वीस वर्षं ती स्वतः तशीच रेघ-टिंब-रेघ काढत आली होती. नुसती रेघ ओढली तर तिचा चार करता येतो, एक करता येतो. मधे टिंब टाकलं की कुणाच्या बापाला तिथे आकडा घुसडता येत नाही. हे तिला पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने शिकवलं होतं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत, टेबलाच्या नंबराने मारत. ती तिसरं टेबल होती.

तिने कपाटातून नर्सबाईंच्या भाडेकरूची स्लिप काढली. कंपनी वेगळी, अक्षराचा साचा वेगळा. रिकाम्या चौकटीत रेघ-टिंब-रेघ.

दोन्ही कागदांवर चौकशीसाठी फोन नंबर होते, आणि नंबर एकच होता. इतकं उघड्यावर पडलेलं आपल्याला दिसू नये, याचं तिला हसू आलं नाही. तिने नंबर फिरवला.

"पगार विभाग," पलीकडून आवाज आला.

आवाज ओळखायला तिला दुसरा शब्द लागला नाही. तरी तिने रीतसर विचारलं, "एका अर्जाबद्दल चौकशी होती. हे गृहस्थ तुमच्याकडे कामाला आहेत का?"

"आहेत. चार वर्षं झाली. माणूस वेळेवर येतो, खाडे कमी."

"गेल्या महिन्यात रजा दिसतेय."

"अर्धा दिवस. आईला दवाखान्यात न्यायचं होतं."

"मास्तर," ती म्हणाली, "रिकाम्या चौकटीत टिंब का टाकायचं, ते जरा पुन्हा सांगाल का?"

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"तिसरं टेबल?"

"हो."

"कुठे असतेस तू हल्ली?"

"तुमच्या स्लिपा जिथे येतात तिथेच."

दुपारी ती त्यांच्या घरी गेली. मास्तर सत्तरी ओलांडून गेले होते. खांदे उतरले होते, पण शर्टाच्या बाह्या अजून तशाच, कोपराच्या वर दोन घड्या. बायको मुलीकडे गेली होती, म्हणून चहा त्यांनीच केला. खिडकीशी टेबल होतं आणि टेबलावर टॉवेलने झाकलेला प्रिंटर.

"मी कमाईचा एकही आकडा खोटा लिहीत नाही," त्यांनी आपणहून सुरुवात केली. "हा मुलगा फरशी बसवतो. रोजावर. हातात पैसे मिळतात, कागद कुठला मिळायला? मी त्याला समोर बसवून सगळं विचारलं. कुठल्या महिन्यात किती दिवस काम, कितीने, घरी कधी बसला. आईच्या दवाखान्यासकट. ते जमवून जे होतं, तेच लिहिलं. कंपनी फक्त नसलेली लिहिली."

"फक्त?"

"मग काय करायचं त्यांनी? घरात काम करणाऱ्या बायका, सुतार, आजाऱ्यांजवळ बसणाऱ्या बाया. कमावतात, पण कागद नाही म्हणून घर नाही. आयुष्यभर मी लोकांच्या कमाईचे कागदच केले. म्हटलं, यांचेही करू."

बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं होतं. ते वहिनीने ओळखलं. महिन्याच्या शेवटी बेरीज पहिल्या फटक्यात जुळली की मास्तर असेच दिसत. तिला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. तिने पर्समधून जुनी स्लिप काढून टेबलावर ठेवली.

"हीसुद्धा तुमचीच ना?"

त्यांनी चष्मा चढवला. "माझीच. रंगकाम करायचा हा. चांगला बोलायचा."

मग तिने नर्सबाईंची सगळी हकिकत सांगितली. काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. मास्तर ऐकत होते. नळांचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"त्याने मला मुकादमाचं नाव सांगितलं होतं," ते हळू म्हणाले. "कामाचे दिवस सांगितले. मी लिहून घेतले."

"मुकादमाला विचारलंत?"

"नाही."

"मी चौकशी केली होती, मास्तर. मी या नंबरावर फोन केला होता. तेव्हा कुणीतरी बाई बोलली."

"आमची ही असेल. मी बाहेर गेलो की तीच उचलते." ते खिडकीबाहेर बघू लागले. "म्हणजे तू खातरजमा करायला फोन केलास, आणि खातरजमा करणारे आम्हीच."

"तुमचे आकडे खरे असतील. पण ज्याने तुम्हाला खोटं सांगितलं त्याचा आकडाही तुमच्या हातून खराच दिसला. मीसुद्धा फसले, कारण ते तुमचं काम होतं. तुमच्या कामात चूक शोधायची सवयच नाही मला."

ती निघाली तेव्हा चहा तसाच होता.

ऑफिसात तिने दिराला सगळं सांगितलं, मास्तरांचं नाव तेवढं गाळून. दीर म्हणाला, "खोटा कागद दिला ना? विषय संपला. अर्ज फाडा."

"फाडते, भाऊजी. पण त्याला समोर बसवून फाडते."

फरशीवाला एकटा आला. तिने स्लिप पुढे सरकवली तेव्हा तो नाकबूल गेला नाही. "आठ ऑफिसं फिरलो," तो म्हणाला. "पगाराची स्लिप नाही म्हटलं की खुर्चीपण देत नाहीत."

"इथे दिली असती का, ते मला माहीत नाही," वहिनी म्हणाली. "आता बसलाच आहात, तर गेल्या वर्षात कुठेकुठे कामं केलीत ते सांगा. नाव आणि फोन. ज्याचा फोन नाही, ते सांगू नका."

अकरा ठिकाणं निघाली. दोन दिवस ती फोन करत होती. नऊ जण बोलले. कुणी किती दिवस काम झालं ते सांगितलं, कुणी किती दिले ते. एक दातांचे डॉक्टर म्हणाले, "दवाखान्यात येऊन फरशी बघा हवं तर. पेशंटपेक्षा मीच जास्त बघत बसतो." आधीच्या घरमालकिणीने भाडं कधी थकलं नाही, मात्र म्हातारी फार बोलते, असं कळवलं. हे सगळं वहिनीने एका साध्या कागदावर लिहिलं आणि खाली लिहिलं की अर्जदाराने आधी खोटी स्लिप दिली होती.

दिराने शेवटची ओळ वाचून कपाळाला हात लावला. "ही कशाला?"

"घर गेलं तर घरमालकाचं जाणार आहे, आपलं नाही."

पहिल्या घरमालकाने कागद दोनदा वाचला, दोन दिवस घेतले आणि नाही म्हणून कळवलं. त्याचं चुकलं असं वहिनीला वाटलं नाही. दुसऱ्याने तर पुरता वाचलाही नाही. तिसरी एक शिंपीण होती, दुकानामागच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या. तिने वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतः फोन करून लिहिलंय?"

"हो."

"मग पाठवा त्याला. माझ्या दुकानाची फरशीपण उखडलीय." खोल्यांत ऊन दुपारनंतरच यायचं. आजी कुरकुरल्या, पण सामान घेऊन सगळ्यांच्या आधी त्याच हजर झाल्या.

दीर आता कधीमधी अशा माणसाचा अर्ज तिच्याकडे पाठवतो. नेहमी नाही. एवढे फोन करायला वेळ कुणाला आहे, म्हणतो, आणि तेही खोटं नाही.

महिन्याभराने मास्तरांचा फोन आला. प्रिंटर जावयाला देऊन टाकला, म्हणाले, आणि मग, "त्या नर्सबाईंचा पत्ता आहे का तुझ्याकडे?"

"कशाला?"

"जाऊन यायचंय."

ती त्यांच्याबरोबर गेली. बहिणीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. मास्तर प्रत्येक मजल्यावर थांबत वर चढले. नर्सबाईंनी दार उघडलं, साखळी न काढता. मास्तरांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं: तो कागद मी केला होता. माणूस ओळखीचा नव्हता, तरी मी केला. वहिनी म्हणाली, आणि पास मी केला.

नर्सबाईंनी दोघांकडे नीट पाहिलं. "भाडं बुडवलं त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "तो आला की मी त्याला वर बोलवायचे. बरा बोलायचा. आता कुणी बरं बोललं की मला भीती वाटते." मग त्यांनी आत वळून पाहिलं. "बहीण झोपलीय. तुम्हाला आत या म्हणत नाही."

"नको, नको," मास्तर म्हणाले.

दार हळूच लागलं. दुसऱ्या मजल्यावर मास्तर पायरीवर बसले. वहिनी त्यांच्या शेजारी टेकली. त्यांच्या गुडघ्यांवर दोन्ही हात उताणे पडले होते.

"बाई चांगली आहे," ते म्हणाले.

"हो."

वरून कुणीतरी सायकल खांद्यावर घेऊन उतरत आलं. दोघांनी भिंतीकडे सरकून वाट दिली. मग वहिनीने त्यांना हात दिला आणि उरलेला जिना ते सावकाश उतरले.