राखीव कामकाज

"तू इथं आमच्यावर नजर ठेवायला बसलीयस ना?" टोस्टला लोणी फासता फासता डेक्लनने विचारलं.

टॅम्सिन हसली. डिसेंबरात मुलाखतींचा आठवडा आला, की कॉलेजातली जुनी मुलं निळे टी-शर्ट घालून उमेदवारांच्या सोबतीला बसतात. चहा करून द्यायचा, मुलाखतीच्या जिन्यापर्यंत पोचवायचं, कुणी रडलं तर रुमाल द्यायचा.

"नजर कसली? माझं लक्ष त्या लोण्यावर आहे. अर्धा डबा तूच संपवलास."

"आमच्या शाळेत म्हणतात, तुम्ही खुर्ची कशी ओढता तेही तिथं बघतात."

"मग मला कुणी घेतलंच नसतं. मी खुर्चीवरून पडले होते."

डेक्लन उत्तर इंग्लंडातल्या बर्नलीहून फिजिक्सच्या प्रवेशासाठी आला होता. हसू ओसरल्यावर त्याने आवाज खाली आणला. "खरं सांगू? जागा मिळाली तरी येईन की नाही, माहीत नाही. बाबांना आता जिनासुद्धा चढवत नाही. आई एकटी दुकान कसं रेटणार? कुणाला बोलू नकोस हं."

"माझ्याकडून कुठं जाणार?"

हे ती खात्रीने म्हणाली. कॉलेजच्या नियामक मंडळावर ती विद्यार्थ्यांची प्रतिनिधी होती. सोबत करणाऱ्या मुलांचं मत निवडीत धरतात का, असं तिनेच ऑक्टोबरच्या बैठकीत विचारलं होतं. प्रवेशाचं काम पाहणारे डॉ. फेनविक म्हणाले होते, "कधीच नाही." मग अध्यक्षांनी 'राखीव कामकाज' एवढंच उच्चारलं आणि रिवाजाप्रमाणे ती उठून बाहेर गेली. राखीव कामकाज म्हणजे गोपनीय विषय; त्याला विद्यार्थी थांबत नाहीत. दाराआड वेगळंच काही शिजतं, असा संशय तिला पहिल्यापासून होता. पण पुराव्यावाचून निष्कर्ष काढायचा नाही, ही प्रयोगशाळेतली शिस्त तिच्या अंगात मुरली होती.

दुपारी डेक्लनला दुसऱ्या मुलाखतीसाठी जिन्याशी सोडून ती परतत होती, तोच फेनविक अंगणात भेटले.

"काय, सुट्टीला घरी ना? आजी अजून माशाला शिवत नाही का? न्यूलिनसारख्या कोळ्यांच्या गावात राहून?" ते मनापासून हसले.

तीही हसली. मग फेनविक सहज म्हणाले, "तो बर्नलीचा मुलगा. सकाळी छान बोलला. जागा दिली तर येईल ना तो? तू बसली होतीस त्याच्याजवळ."

टॅम्सिन मात्र आजीपाशीच अडकली होती. ती गोष्ट तिने या कॉलेजात एकालाच सांगितली होती. दोन वर्षांपूर्वी, ती स्वतः मुलाखतीला आली तेव्हा, उमेदवारांच्या खोलीतल्या त्याच सोफ्यावर, निळ्या टी-शर्टातल्या एका उंच मुलाला. त्याच्या हातचा चहा पीत ती तासभर बोलली होती. आणखी काय काय सांगितलं होतं? आपली जागा मुलाखतीत सोडवलेल्या लंबकाच्या गणितावर मिळाली, असं ती आजवर समजत होती.

'येईल' म्हटलं असतं, तर डेक्लनचं काम बहुधा झालं असतं. पण मग उद्या दुसऱ्या कुणाबद्दलचं 'नाही येणार' हेही धरलंच गेलं असतं.

"मी त्याला चहा दिला, सर. तेवढंच."

फेनविकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाले आणि जिना चढून गेले. गप्प राहणं हेही मतच धरतात का, हे विचारायची सोय नव्हती.

डेक्लन परतला तो खुशीत. "झक्कास झाली. तुला विचारलं का कुणी काही?"

"विचारलं."

त्याचा चेहरा उतरला. "काय सांगितलंस?"

"चहा दिला, एवढंच."

"हो का?" त्याने सोफ्यावरची पिशवी उचलली आणि तो खिडकीकडच्या खुर्चीत, तिच्याकडे पाठ फिरवून बसला.

दार उघडून एक नवी मुलगी आत आली. सोफ्याच्या कडेवर टेकत म्हणाली, "बरं झालं तू आहेस. खरं म्हणजे मला इथं..."

"थांब. मला काही सांगू नकोस."

मुलगी बावरली. टॅम्सिनने निळ्या टी-शर्टवर आपला जुना स्वेटर चढवला, बटणं गळ्यापर्यंत लावली आणि किटली उचलली.

"दूध किती घालू?"